इंजिन मधेच का थांबतं

६ डिसेंबर

बोट आली. भंडाऱ्याहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, खाली धानाचं तणस अंथरून, नव्या नवरीसारखी आली. अख्खा टोला, म्हणजे आमची वस्ती, काठावर जमला होता. बचत गटाच्या आम्ही सगळ्याजणींनी तिला ओवाळलं आणि गटाची अध्यक्ष म्हणून नारळ मी फोडला. तो पहिल्या फटक्यात फुटला नाही, दुसऱ्यातही नाही, आणि भुपेंद्रने प्रत्येक फटका मोठ्याने मोजला.

भुपेंद्रचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. बोट आपल्यालाच मिळणार असं तो वर्षभर सांगत फिरत होता. धरणाचं पाणी चढल्यापासून आमचा जुना रस्ता बुडाला. पलीकडचा बाजार डोळ्यांना दिसतो, पण जायचं तर एवढा फेरा पडतो की पालेभाजी घरी येईपर्यंत माना टाकते. योजनेतून बोट मंजूर झाली, तेव्हा ग्रामसभेत भांडून मी ती गटासाठी घेतली. सभेने अट घातली, की बायांना चालवता आली तर ठीक, नाही तर २६ जानेवारीच्या ग्रामसभेत बोट भुपेंद्रच्या ताब्यात द्यायची.

आमचे हे (नाव योगेंद्र, पण ते घ्यायची वेळ लग्नातल्या उखाण्यात आली तेवढीच) म्हणाले की ट्रॅक्टर चालवणाऱ्याला बोट म्हणजे काहीच नाही. मी म्हटलं, मग शिकून घ्या. तर म्हणे पाण्याची त्यांना सर्दी होते.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई चंद्रभागाबाई, काठीने बोटीवर टकटक करून म्हणाल्या, "हे तर प्लास्टिकचं आहे," आणि घरी निघून गेल्या. या घरात माझ्या कुठल्याही कामाचं कौतुक म्हणजे एवढंच.

९ डिसेंबर

शिकवणी झाली. भंडाऱ्याहून आलेल्या दादांनी सांगितलं, इंजिनची रोज नोंद ठेवा. त्यांनी दिलेल्या रजिस्टरात रकाने फार अरुंद आहेत. माझा राग त्यात मावत नाही, म्हणून ही वेगळी वही.

शिकलेलं इथे लिहून ठेवते. पेट्रोलची लाल टाकी इंजिनपासून वेगळी असते, उचलून नेता येते. तिच्यातून रबरी नळी इंजिनात जाते. नळीच्या मधे रबराचा गोळा आहे, तो दाबून पेट्रोल वर चढवायचं. टाकीच्या टोपणावर छोटी खिट्टी, म्हणजे फिरवायचा स्क्रू, आहे. बोट चालवताना ती सैल करायची, म्हणजे तिच्या बुडाच्या टाचणीएवढ्या भोकातून टाकीत हवा जाते. हवा आत गेली नाही तर पेट्रोल बाहेर येत नाही. हे मी तीनदा म्हणून दाखवलं. ललिताबाईला एकदाही म्हणता आलं नाही, पण ती गटाची कोषाध्यक्ष आहे, तिला इंजिनाचं काही करायचं नाही.

आज पलीकडे जाऊन आले. एकदाही थांबले नाही. पाण्यातून उभी असलेली जुनी वाळकी झाडं बाजूने गेली तेव्हा मला इतकं भारी वाटलं, की मी एकटीच मोठ्याने हसले. बोटीत बसलेल्या बायांनी घाबरून एकमेकींचे हात धरले.

१४ डिसेंबर

पाच दिवस बोट सुरळीत. बाजाराच्या दिवशी तर बसायला रांग लागली. आज ललिताबाईच्या गोठ्यात ठेवलेली टाकी उचलली तर हलकी लागली. कोणी तरी पेट्रोल काढतंय. ललिताबाईचा नवरा म्हणाला, पेट्रोल आपोआप उडतं. त्याच्या लुनाला मात्र हल्ली उडायची सवय लागली आहे.

म्हणून टाकी आमच्या घरी आणली. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या कोनाड्यात ठेवली. आत्याबाईंनी संध्याकाळी भाताचा घास तोंडात घालून तसाच धरला. म्हणाल्या, भाताला मोटारीचा वास येऊन राहिला. मग देवाजवळचा दिवाही त्यांनी दुसऱ्या खोलीत नेला, भडका होईल म्हणून. मी म्हटलं, टाकी दुसरीकडे नेऊ कुठे, चोरी जाते. त्या म्हणाल्या, "राहू दे. मी करतो बंदोबस्त."

१५ डिसेंबर

घरात वास अजिबात नाही. आत्याबाईंनी टाकी धुऊन पुसून, टोपणाला वरून गेरूचा हात फिरवून, तोंडाला लोणच्याच्या बरणीसारखं फडकं बांधून ठेवली होती. लाल टाकी, लाल गेरू, नवीनच दिसत होती. त्यांचा या कामात हात बसलेला आहे. माहेरी त्या मडक्यांची तोंडं अशी लिंपायच्या की आतली वाफ बाहेर यायची बिशाद नव्हती. मडक्यात काय असायचं ते विचारायचं नाही. मोहफुलांच्या सुगीचा काळ असला की त्यांना अजून माहेर आठवतं.

मला बरं वाटलं. या घरात निदान टाकीची तरी कोणी काळजी घेतं.

बोट मात्र आज अर्ध्या पाण्यात थांबली. आधी आवाज खाली आला, मग खोकली, मग बंद. मी फडकं सकाळीच सोडलं होतं, खिट्टी सैल केली होती, ते मी कधीच विसरत नाही. पेट्रोल संपलं असेल म्हणून टोपण उघडलं तर टाकीने मोठा सुस्कारा सोडला. पेट्रोल भरपूर होतं. टोपण लावलं, दोरी ओढली, इंजिन सुरू. पलीकडे पोचले. पहिलीच वेळ, एखादं इंजिन रुसतं असं म्हणून सोडून दिलं.

१७ डिसेंबर

आज दोनदा थांबली. दोन्ही वेळा टोपण उघडून पेट्रोल पाहिलं, भरपूर होतं. पुन्हा सुरू झाली. बायांमध्ये कुजबुज.

यांनी काठावर येऊन निदान केलं, पेट्रोलमध्ये पाणी. सगळं पेट्रोल काढून नवीन भरलं. जुनं पेट्रोल यांनी स्वतःच्या मोटारसायकलीत टाकलं आणि ती मोटारसायकल अजून एकदाही थांबलेली नाही.

आत्याबाईंनी विचारलं, आज कुठवर गेली. मी म्हटलं, अर्ध्यावर थांबली. त्या विचारात पडल्या. मग टाकी उचलून आत नेली. थांबण्याची गोष्ट त्यांना इतकी लागेल असं वाटलं नव्हतं.

२० डिसेंबर

नाक मुठीत धरून भुपेंद्रला बोलावलं. त्याने टोपण उघडून आत वास घेतला, कार्बोरेटर खोलला, धुतला, फुंकला, बसवला आणि काठावरच इंजिन सुरू करून दाखवलं. छान चालत होतं. थोड्या वेळाने बंद करून, हात पुसत सगळ्यांसमोर म्हणाला, "इंजिन ठणठणीत आहे. चालवणारं पाहा."

संध्याकाळच्या फेरीत बोट पुन्हा थांबली. मला खात्री पटत चालली आहे, की याने धुताना काहीतरी केलं.

२३ डिसेंबर

ललिताबाईच्या मते बोटीला नजर लागली. पहिल्या दिवशी नारळ तीन फटके घेतो म्हणजे काय. आज इंजिनावरून लिंबू उतरवलं, नवा नारळ फोडला, तो मात्र पहिल्याच फटक्यात फुटला. सगळ्या खूश. बोट पाण्यात नेली. अर्ध्या वाटेवर खोकली आणि थांबली. ललिताबाई म्हणाली, नारळ सुका निघाला असेल. तो तिनेच आणला होता.

२८ डिसेंबर

भंडाऱ्याला एसटीने जाऊन नवी नळी आणि पेट्रोल गाळायची नवी जाळी आणली. दुकानदाराने विचारलं, बोट चालवतं कोण. मी म्हटलं, मी. तो म्हणाला, मिस्टर आले नाहीत का. मी म्हटलं, त्यांना पाण्याची सर्दी होते.

सगळं नवीन बसवलं. फरक नाही. आज एक गोष्ट नीट पाहिली. इंजिन थांबायच्या आधी नळीतला रबराचा गोळा चपटा होतो, कोणी आतून शोषून घेतल्यासारखा. टोपण उघडून पाहिलं की पुन्हा फुगतो. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. म्हणजे पेट्रोलला यायचं आहे आणि कोणी तरी त्याला मागून धरून ठेवतंय. खिट्टी पाहिली, पूर्ण सैल. म्हणजे तो दोष नाही.

मग राहिला एकच माणूस, भुपेंद्र. त्याने टाकीत असं काहीतरी टाकलं आहे की पेट्रोलला चिकटपणा आला. यांना सांगितलं. हे म्हणाले, "हो, होऊ शकते." इंजिनाबद्दल काही समजलं नाही की हे असंच म्हणतात.

घरी आत्याबाईंनी विचारलं, पेट्रोल किती उरलं. म्हटलं, पेट्रोलचा प्रश्नच नाही, ते पुरून उरतं. त्यांनी मान हलवली. त्यांना पटलेलं दिसलं नाही. टाकीला आता त्यांनी दोन फडकी बांधायला सुरुवात केली आहे.

३ जानेवारी

आज करायला नको होतं ते केलं. अर्थात केलं ते बरोबरच केलं.

पंचायतीत बोटीचा विषय निघाला. भुपेंद्र हसत म्हणाला, की पाण्यात अडकलेल्या बायांना आणायला त्यानेच दुसरी बोट घ्यावी का. सगळे हसले. माझं डोकं फिरलं. मी उभी राहून म्हटलं, की यानेच टाकीत काहीतरी टाकलं, याला बोट पाहिजे म्हणून. तो हसायचा थांबला. "वहिनी, तुम्ही मले चोर म्हणून राहिल्या," एवढंच बोलला आणि निघून गेला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. चोरी उघडी पडली की माणसाचा चेहरा तसा होतच असणार.

सरपंचांनी सांगितलं, २४ तारखेला भंडाऱ्याहून योजनेच्या अधिकारी मॅडम येतील. त्यांना घेऊन बोट न थांबता पलीकडे जाऊन परत आली पाहिजे. मग २६ ला ग्रामसभा ठरवेल. थांबली तर विषय संपला.

बोट गेली तर मी काय करू? लग्नाला इतकी वर्षं झाली, पण "चंदाबाई, उद्या किती वाजता" असं मला गावातल्या कोणी आजपर्यंत विचारलं नव्हतं. आता विचारतात. ते जाईल याची मला खरंच भीती वाटते.

११ जानेवारी

भुपेंद्रच्या दुकानात लोक आता गाडी सोडून जात नाहीत, बाजूला उभे राहून लक्ष ठेवतात. त्याची आई नळावर माझ्याशी बोलली नाही. मी पण मान वर करून पाणी भरलं. घागर भरून सांडत होती ते कळलं नाही.

बोट रोज थांबते. आता बसायला कोणी येत नाही. आज मी एकटीच गेले, थांबले, टोपण उघडलं, सुरू झाली, परत आले. पाण्यावरच्या बदकांना आता याची सवय झाली आहे, ती उडतही नाहीत.

२३ जानेवारी

उद्या मॅडम येणार आणि बोटीत बसायला माणसं नाहीत. गटातल्या एकीचं पोट दुखतं, एकीचा पाहुणा येतो, एकीला एकादशी आहे, जी उद्या नाही. ललिताबाई येते म्हणाली, पण तिने आज तीन देवांना नवस बोलून ठेवले.

जेवताना मी हे सांगितलं. हे म्हणाले, सर्दी. आत्याबाई भात कालवत खाली बघून म्हणाल्या, "मी येतो ना. मले बाजारात बांगड्या पाहाच्या आहेत." ज्या बाईने आजवर बोटीत पाय ठेवला नाही, ती म्हणते बांगड्या पाहायच्या. मी त्यांच्या ताटात वरण वाढलं.

२४ जानेवारी

जसं झालं तसं लिहिते.

मॅडम तरुण होत्या, चष्मा आणि जीवरक्षक जॅकेट दोन्ही आपलं आपण घालून आल्या. दुसरी बाजू म्हणून भुपेंद्रही बसला, माझ्याकडे पाठ करून. ललिताबाई डोळे मिटून. आत्याबाई मधोमध, पदर खोचून, टाकीला टेकून. मी खिट्टी सैल केली, गोळा दाबला, दोरी ओढली. निघालो.

अर्धं पाणी गेलं. मी देवाचं नाव घेतलं. आवाज खाली आला. खोकली. थांबली.

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मी सवयीने टोपण उघडायला वाकले. टाकीने सुस्कारा सोडला आणि त्याबरोबर आत्याबाई एकदम चिडल्या. "अवो, मी इतकं लिंपून बंद करतो अन् तू रोज येऊन उघडतेस काय? मंग पेट्रोल राहीन कसं?"

भुपेंद्र हळूच वळला. माझ्या हातातलं टोपण त्याने घेतलं, नखाने गेरू खरवडला, मग काडेपेटीतली काडी काढून खिट्टीच्या बुडाशी कोरली. कणकेची एक गोळी बाहेर आली. वाळून दगड झालेली. मग तिच्या मागून आणखी एक.

नऊ डिसेंबरला तीनदा म्हणून दाखवलेलं सगळं एकदम आठवलं. खिट्टी मी रोज सैल करत होते आणि तिच्या खालचं भोक कणकेनं गच्च भरलेलं होतं. हवा कुठून जाणार होती? आणि टोपण उघडलं की इंजिन सुरू होतं, हे माझ्या डोळ्यांसमोर रोज होत होतं.

मॅडमनी विचारलं, हे काय आहे, पूजेचं आहे का. आता भुपेंद्र बोलणार, हे मला ठाऊक होतं. बोलायचा त्याचा हक्कही होता. त्याने गोळ्या पाण्यात टाकल्या. "हवा अडकली होती, मॅडम. आता नाही थांबणार." बस्स, एवढंच.

नाही थांबली. पलीकडे गेलो, आत्याबाईंनी खरंच बांगड्या पाहिल्या, घेतल्या नाहीत, परत आलो. मॅडमनी कागदावर सही केली. उतरताना भुपेंद्र माझ्याजवळ थांबला आणि हळू म्हणाला, "मी तिथं नाही सांगितलं. गावात तुम्ही सांगा, वहिनी."

२५ जानेवारी

सांगितलं तर गाव म्हणेल, पाहा, टाकीला कणीक लावणाऱ्या बायांच्या हाती इंजिन दिलं. बोट जाईल. नाही सांगितलं तर मॅडमची सही आहे, बोट राहते, आणि भुपेंद्र जन्मभर चोर राहतो.

यांना विचारलं. हे म्हणाले, "हो, होऊ शकते."

आत्याबाईंना अजून वाटतं की मीच रोज टोपण उघडून पेट्रोल उडवलं. मी त्यांना हवेची गोष्ट समजावली. गाडग्याला भोक पाडून, पाणी भरून, वर तळहात दाबून दाखवलं. धार थांबली. हात काढला, धार सुरू. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. मग स्वतः हात ठेवून पाहिलं, काढून पाहिलं. नंतर त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर सभा भरली. मी उभी राहिले. म्हटलं, भुपेंद्रने काही केलं नव्हतं. मी त्याला सगळ्यांसमोर चोर म्हटलं, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते. टाकीची हवा बंद झाली होती आणि ती चूक आमच्याच घरची होती.

"घरची काहून म्हणतेस?" मागून आवाज आला. आत्याबाई काठी टेकत उठल्या. "माझी म्हण. कणीक मी लावली. वास येत होता."

आधी एक जण हसला, मग सगळी सभा. कोणी तरी म्हणालं, आता इंजिनाला फोडणी पण द्या. आत्याबाई हसू ओसरेपर्यंत उभ्याच राहिल्या. मग भुपेंद्रकडे वळून म्हणाल्या, "बाबू, तुझ्यावर खोटा आळ आला तो माझ्यापायी. माझ्या सुनेवर राग नको धरू. पण बोट तुले भेटणार नाही. चूक म्हातारीची, सजा बायांले काहून?"

सरपंचांनी भुपेंद्रला विचारलं, तुझं म्हणणं काय. तो चप्पलेकडे पाहत उठला. मग म्हणाला, बोट राहू द्या त्यांच्याकडे, पण टाकी माझ्या दुकानात ठेवा, पेट्रोलही माझ्याकडून घ्या, स्वयंपाकघरात ठेवू नका. धंदा बरोबर जमतो त्याला. पण मला इतकं हलकं वाटलं, की त्याने इंजिन मागितलं असतं तरी मी दिलं असतं. हात वर झाले. बोट आमचीच राहिली.

घरी येताना आम्ही दोघीच मागे राहिलो. मी म्हटलं, आत्याबाई, वास तर पहिल्याच दिवशी गेला होता. मग पुढे इतकी जाड कणीक कशाला लावत गेलात?

त्या थोडं चालल्या. "पहिल्या दिवशी वासासाठी लावली. मंग तुझी बोट थांबाले लागली. मले वाटलं, पेट्रोल उडून जाऊन राहिलं, म्हणून थांबते. बोट गेली असती तर तू पुन्हा घरात बसली असती, तोंड पाडून. म्हणून रोज जास्त लावत गेली."

मी दीड महिना गावभर वैरी शोधत होते. आणि माझी बोट वाचवायला रोज कणीक मळणारं माणूस माझ्याच घरात, माझ्याच ताटात भात वाढत होतं. मला रडू आलं. हसूही आलं, दोन्ही एकदम, आणि ते लपवता येईना.

मी त्यांचा हात धरला. "मी काय म्हातारी झाली काय," म्हणत त्यांनी सोडवून घेतला. मग चार पावलं गेल्यावर त्यांनीच माझा धरला.